शिकागो : उलट्या वाहणाऱ्या नदीच्या काठचे पाच दिवस

माझी उमेदीची वर्षं कोयनेच्या खोऱ्यात गेली. पूर्वेकडे कृष्णेला मिळायला निघालेलं पाणी अडवायचं, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला उतरवायचं, त्यावर वीज करायची आणि मग वाशिष्ठीत सोडून द्यायचं, हे काम मी शाखा अभियंता म्हणून जवळून पाहिलं, थोडंफार माझ्या हातूनही झालं. म्हणून मुलाने फोनवर "बाबा, या वेळी शिकागो नीट दाखवतो, पाच दिवस रजा काढलीय" असं सांगितलं, तेव्हा मी त्याला उंच इमारतींआधी नदीबद्दल विचारलं. या शहराने आपली नदी उलटी वाहवली आहे, हे कॉलेजात असताना एका पुस्तकाच्या तळटिपेत वाचलं होतं. ते डोळ्यांनी पाहायचं चाळीस-पंचेचाळीस वर्षं मनात होतं.

मुलगा नेपरव्हिलला राहतो, शहरापासून तास-पाऊण तासावर. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा होता. आम्ही दोघं नवरा-बायको, मुलगा आणि नऊ वर्षांची नात असे चौघं रोज सकाळी मेट्राच्या दुमजली लोकलने शहरात जायचो आणि रात्री परतायचो. सूनबाईला रजा मिळाली नाही, पण रोज रात्री जेवताना दिवसभराचा वृत्तांत तिला द्यावा लागे.

दिवस पहिला

युनियन स्टेशनचा मोठा हॉल बघून ही दोन मिनिटं बोललीच नाही. १९२५ सालचं स्टेशन. वरच्या काचेच्या कमानी छतातून उजेड थेट लाकडी बाकांवर पडतो. बाहेर पडलं की पन्नास पावलांवर नदी.

पाण्याचा रंग हिरवट, काठाला घाट नाहीत, दोन्ही बाजूंना सरळ भिंती. वरून पूल, पुलावरून माणसं, बसगाड्या. पुलाच्या कठड्यावर वाकून नातीने विचारलं, "आजोबा, ही उलटी वाहते हे कळणार कसं?" प्रश्न बरोबर होता. पाणी जवळजवळ स्थिर दिसत होतं. तिने झाडाचं एक पिवळं पान खाली सोडलं. वाऱ्याने ते उत्तरेला ढकललं, म्हणजे मी सांगितलं होतं त्याच्या नेमकं विरुद्ध. मी तिला म्हटलं, "पानावर जाऊ नको, त्याला वारा ओढतोय. थांब, शेवटच्या दिवसापर्यंत दाखवतो."

मिशिगन अव्हेन्यूच्या पुलापाशी आम्ही बोट धरली. हा पूल १९२० सालचा, दोन मजली, आणि मधोमध फाटून दोन्ही पंखांनी वर उचलला जाणारा. पंखाच्या मागच्या टोकाला प्रचंड काउंटरवेट बसवलेलं असतं, त्यामुळे एवढा पूल उचलायला लागणारी मोटार त्या मानाने लहान पुरते. पुलाला नाव द्यु साब्ल यांचं. ते आफ्रिकी वंशाचे व्यापारी, जन्म बहुधा हैतीतला. नदीच्या मुखापाशी घर बांधून कायमची वस्ती करणारे पहिले बाहेरचे गृहस्थ. त्याआधी इथे राहणारे मूलनिवासी या जागेला 'शिकाक्वा' म्हणत, म्हणजे इथे उगवणारी रानलसूण. एवढ्या काचेच्या शहराचं नाव लसणीवरून पडलंय, हे हिला इतकं आवडलं की नंतर पाचही दिवस ती भेटेल त्या मराठी माणसाला ते सांगत होती.

पुलाजवळच ट्रिब्यून टॉवर आहे, १९२५ चा. त्याच्या भिंतीत खालच्या बाजूला जगभरातल्या प्रसिद्ध वास्तूंचे तुकडे बसवलेत. ताजमहालाचाही एक आहे. तो शोधून त्यावर तळवा ठेवला. हातभर भिंतीत बसवलेला एवढासा दगड, पण हात लवकर निघेना.

बोटीवरची मार्गदर्शक मुलगी इमारतींबद्दल बोलत होती आणि चांगलं बोलत होती. मक्याच्या कणसांसारखे दिसणारे मरीना सिटीचे जुळे मनोरे, ज्यांच्या खालच्या मजल्यांवर मोटारी कठड्याशी नाक लावून उभ्या असतात. १९३० मध्ये जगातली सगळ्यात मोठी इमारत म्हणून बांधलेलं मर्चंडाइज मार्ट. जीन गँग या वास्तुरचनाकार बाईंच्या लाटांसारख्या गच्च्यांचा ॲक्वा टॉवर. मी ऐकत होतो, पण डोळे पाण्यावर होते.

गोष्ट अशी. ही नदी पूर्वेला मिशिगन सरोवरात पडायची. शहराचं पिण्याचं पाणीही त्याच सरोवरातून. शहर वाढलं, कत्तलखान्यांची आणि गटारांची घाण नदीतून सरोवरात जाऊ लागली आणि तीच पुन्हा लोकांच्या पेल्यात येऊ लागली. कॉलरा, टायफॉइड. शेवटी १८९२ मध्ये कालव्याचं काम सुरू झालं. शहराच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर जलविभाजक आहे. आपल्याकडे जलविभाजक म्हटलं की महाबळेश्वरचा कडा डोळ्यांसमोर येतो. इथे तो काही फुटांचा उंचवटा आहे, सायकलवरून जाताना जाणवणारही नाही. त्याच्या अलीकडचं पाणी सरोवरात, पलीकडचं मिसिसिपीला. तो उंचवटा फोडून २८ मैलांचा कालवा खणला, तळाचा उतार पश्चिमेकडे दिला आणि १९०० च्या जानेवारीत पाणी सोडलं. नदी फिरली. सरोवरातून निघून शहरातून पश्चिमेला जाऊ लागली.

खालच्या अंगाचं मिसुरी राज्य कोर्टात गेलं, कारण वरच्यांची घाण आता त्यांच्याकडे निघाली होती. १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. नंतर सरोवराभोवतालची राज्यं भांडू लागली की तुम्ही आमचं पाणी पळवता. आज न्यायालयाच्या हुकुमाने इलिनॉय राज्याला सरासरी ३,२०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला ३,२०० घनफूट, एवढंच पाणी सरोवरातून वळवता येतं.

क्युसेक शब्द ऐकला आणि मी तिकिटाच्या मागे गुणाकार केला. वर्षाचं ते होतं सुमारे १०१ टीएमसी, म्हणजे १०१ अब्ज घनफूट. कोयनेचं धरण भरलं की १०५ टीएमसी. म्हणजे दर वर्षी जवळजवळ एक अख्खं कोयना धरण हे शहर आपल्या नदीतून उलट्या दिशेला सोडतं! मुलाला तो आकडा दाखवला. त्याचं बालपण वसाहतीत धरणाच्या भोंग्यावर गेलंय, त्याला दुसरं काही सांगावं लागलं नाही. आपल्याकडेही कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पाणी वळवलं की भांडण आलं, आणि भांडण आलं की आकडा आला. दोन्हीकडे सारखंच.

आमची बोट नदीतून सरोवरात जाणारी होती, त्यामुळे लॉकमधून, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या पाण्याच्या कोठडीतून, जायला मिळालं. बोट दरवाजाच्या आत शिरली, मागचे दरवाजे मिटले. समोरचे दरवाजे किंचित उघडले आणि फटीतून सरोवराचं पाणी आत घुसू लागलं. पंप नाही, काही नाही, नुसत्या पातळीच्या फरकावर सगळं काम. काठच्या काँक्रीटवर एक ओली रेघ होती. मी तिच्यावर नजर ठेवली. आधी ती माझ्या खांद्याशी होती, मग कोपराशी आली, मग पाण्याखाली गेली. साधारण दोन फूट. नातीने ते पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे सरोवर वर आहे आणि नदी खाली?" तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिने स्वतःच काढलं होतं.

समोरचे दरवाजे पूर्ण उघडले आणि एकदम सगळीकडे पाणी. समुद्रच म्हणावा असं, फक्त वाऱ्याला खारा वास नाही. ५८ हजार चौरस किलोमीटरचं गोडं पाणी. मी टोपी काढून हातात धरली.

दिवस दुसरा

सकाळी वॉटर टॉवर. गर्दीच्या, भारी दुकानांच्या रस्त्यावर पिवळसर चुनखडीचा, लहानशा किल्ल्यासारखा मनोरा उभा आहे. १८६९ चा. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात, कारण १८७१ च्या आगीत आजूबाजूचं सगळं जळालं आणि हा राहिला. ८ ऑक्टोबरच्या रात्री लागलेली आग दोन दिवस चालली. सुमारे तीनशे माणसं गेली, एक लाख बेघर झाली. समोरच्या पंपिंग स्टेशनचं छप्पर कोसळलं, पंप बंद पडले आणि शहराकडे आग विझवायला पाणीच उरलं नाही. आगीचं खापर ओलिअरी नावाच्या एका गरीब गवळणीच्या गाईवर फुटलं, गाईने कंदील लाथाडला म्हणून. १९९७ मध्ये महापालिकेने ठराव करून त्या बाईला आणि गाईला निर्दोष ठरवलं. सव्वाशे वर्षांनी का होईना, ठराव केला हे मला फार चांगलं वाटलं.

मनोऱ्याच्या आत काय होतं, ते पाटीवर एका ओळीत आहे आणि बहुतेक लोक ते वाचत नाहीत. आत १३८ फूट उंचीचा उभा पाइप होता. त्या काळचे वाफेचे पंप धक्क्याधक्क्याने पाणी ढकलत. ते धक्के नळांपर्यंत जाऊन नळ फुटू नयेत म्हणून मधे हा उभा पाइप ठेवलेला. पाणी त्यात वर-खाली व्हायचं आणि दाब सावरला जायचा. आमच्या कोयनेच्या उल्लोळ विहिरीचं काम हेच. डोंगराच्या आत, कुणाला न दिसणारी. इथे तिला किल्ल्याचा पोशाख चढवून रस्त्याच्या मधोमध उभी केली आहे.

आणि हे पाणी यायचं कुठून? सरोवराच्या आत दोन मैलांवरून, तळाखालून खणलेल्या बोगद्याने. किनाऱ्याजवळचं पाणी घाण झालं म्हणून १८६७ मध्ये पाच फूट व्यासाचा विटांचा बोगदा पुरा केला. दोन्ही टोकांकडून माणसं खणत आली आणि मधे भेटली. मी हे वाचत असताना माझ्या डोळ्यांसमोर १९९९ चा मार्च होता. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या तळाखाली बोगदा नेऊन शेवटचा खडक स्फोटाने उडवला, तो दिवस. आमच्याकडे सर्व्हेची अचूक यंत्रं होती, नॉर्वेतले जाणकार होते, तरी आदल्या रात्री कुणी झोपलं नव्हतं. या लोकांकडे कुदळ, फावडं आणि कंदील होते.

त्याच धाग्याने दुपारी नेव्ही पिअरवर गेलो. १९१६ चा हा धक्का आता जत्रेसारखा आहे. आकाशपाळणा, आइस्क्रीम, गाणी. नात आणि तिचे बाबा पाळण्यात बसले. आम्ही दोघं उत्तरेच्या कठड्याशी उभे राहिलो. समोर पाण्यात पसरलेल्या बैठ्या इमारती म्हणजे जार्डिन जलशुद्धीकरण केंद्र, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. पाळण्याच्या रांगेतल्या कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. कठड्याजवळच पाण्याचा नळ होता. मी ओंजळभर प्यायलो. गार होतं आणि गोड लागलं.

रात्री डीप डिश पिझ्झा. खोलगट पातेल्यात भाजतात, त्याला पाऊण तास लागतो. ऑर्डर देऊन गप्पा मारत बसायचं. आम्ही पालकाचा घेतला. चीज तळाशी आणि टोमॅटो वर, सगळं उलटं. हिने एका तुकड्यात हात टेकले. मी दोन खाल्ले.

दिवस तिसरा

सकाळपासून पाऊस. फील्ड म्युझियममध्ये 'सू' नावाच्या डायनासोरचा सांगाडा बघितला. टायरॅनोसॉरस, ४० फूट लांब, १९९० मध्ये साउथ डकोटात सापडलेला. नातीला त्याच्याविषयी आमच्यापेक्षा जास्त माहिती होती, तिनेच आम्हाला फिरवलं.

तिथून कल्चरल सेंटर. तिकीट नाही, कुणीही आत जावं. १८९७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय म्हणून बांधलेली ही इमारत. संगमरवरी जिन्याने वर गेलं की ३८ फूट व्यासाचा टिफनी काचेचा घुमट. पावसामुळे उजेड कमी होता आणि काचा माशाच्या खवल्यांसारख्या दिसत होत्या. पण मला आत घट्ट धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. आगीत शहर जळाल्यावर इंग्लंडमधून आठ हजारांवर पुस्तकं भेट आली. ती ठेवायला शहरात जागा नव्हती. तेव्हा रिकाम्या पडलेल्या पाण्याच्या एका लोखंडी टाकीत फळ्या मारून १८७३ च्या पहिल्या दिवशी ग्रंथालय उघडलं. त्या टाकीतली पुस्तकं वाढत वाढत या संगमरवरी वाड्यात आली.

तिसऱ्या प्रहरी आर्ट इन्स्टिट्यूट. दाराशी काशाचे दोन हिरवट सिंह, १८९४ पासून बसलेले. हीच ती इमारत, जिथे सर्वधर्म परिषद भरली. ११ सप्टेंबर १८९३. विवेकानंद त्याच वर्षी ३१ मे रोजी मुंबईहून बोटीत बसले होते. इथे लवकर पोचले, पैसे संपत आले, परिषदेच्या तोंडावर रेल्वेच्या मालडब्यात एक रात्र काढावी लागली. ज्या सभागृहात ते बोलले ते आता नाही, त्या भागात दुसरं सभागृह आहे आणि आठवणीचा फलक आहे. बाहेर मिशिगन अव्हेन्यूच्या या तुकड्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. हिने फलकासमोर चपला काढल्या. तिथला रखवालदार बघत होता. त्याने काही विचारलं नाही, जरा बाजूला सरकून जागा करून दिली.

त्याच व्यासपीठावर मुंबईच्या ब्राह्मो समाजाकडून बी. बी. नगरकर नावाचे गृहस्थही होते. मराठी घरांत हे नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

चित्रं आम्ही थकल्या पायांनी पाहिली. एकच सांगतो. जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचं नदीकाठच्या रविवारचं भलंमोठं चित्र, नुसत्या ठिपक्यांचं. जवळ गेलं की माणसं विरघळतात, दहा पावलं मागे सरलं की सावलीत बसलेली दिसतात. नात पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिली आणि तिच्या मागोमाग मीही.

पाऊस रात्रीपर्यंत होता. अशा पावसात गटारं भरून नदीत सांडू नयेत म्हणून शहराखाली खोल खडकात १०९ मैलांचे बोगदे आहेत, पावसाचं पाणी साठवायला. काम १९७५ मध्ये सुरू झालं. परतीच्या गाडीत खिडकीवर थेंब ओघळत होते आणि मी तेवढाच विचार करत होतो की आत्ता, या क्षणी, खाली ते बोगदे भरत असतील.

दिवस चौथा

आकाश धुऊन निघालं होतं. मुलाने आधी मला मोनॅडनॉक बिल्डिंगपाशी नेलं. प्रवासी फारसे जात नाहीत. १८९१ सालची, सोळा मजले, आणि भार बाहेरच्या विटांच्या भिंतींवर. त्या भिंतींना लोखंडी सांगाडा नाही. एवढं वजन उचलायचं तर तळाशी भिंत सहा फूट जाड करावी लागली. खिडकीच्या कोनाड्यात उभं राहून मी वितीने मोजलं, आठ विती झाल्या. भारवाहक भिंतीचा रस्ता इथे संपतो. याहून वर जायचं तर खालचा मजला नुसत्या भिंतीनेच भरून जाईल. त्याआधीच, १८८५ मध्ये, याच शहरात दहा मजल्यांची होम इन्शुरन्स बिल्डिंग लोखंडाच्या सांगाड्यावर उभी राहिली होती. तिला पहिली गगनचुंबी इमारत म्हणतात. ती १९३१ मध्ये पाडली.

तिथून चालत दहा मिनिटांवर विलिस टॉवर, पूर्वीचा सिअर्स. ११० मजले, १,४५० फूट. १९७३ पासून पंचवीस वर्षं जगात सगळ्यात उंच. तो उभा कसा राहतो हे ज्यांनी ठरवलं ते अभियंता फझलुर रहमान खान ढाक्याचे, १९२९ चा जन्म. शिबपूरच्या कॉलेजात शिकले, १९५२ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन इलिनॉयला आले. कोपऱ्यावरच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्या पाटीखाली उभं राहून मी मुलाकडून फोटो काढून घेतला. पाचही दिवसांत मी स्वतःहून मागितलेला हा एकच फोटो.

नातीला मी समजावून सांगितलं ते असं. उसाचा एक कांडा उभा केला तर वाऱ्याने लवतो, मोडतो. नऊ कांडी एकत्र घट्ट बांधून मोळी उभी केली तर? वाकत नाही. खानसाहेबांनी तेच केलं. ७५ फुटी चौकोनाच्या नऊ नळ्या एकमेकींना बांधल्या. वर जाताना वाऱ्याचा जोर जसजसा आवरायचा तसतशा नळ्या थांबवत नेल्या. दोन नळ्या पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या, आणि दोनच टोकापर्यंत जातात. तिने रस्त्यावरून वर बघून बोटाने मोजल्या. "तीन इथे थांबल्या," ती ओरडली.

१०३ व्या मजल्यावर काचेचे खोके बाहेर काढलेत, त्यात उभं राहिलं की पायाखाली रस्ता. ही गेली नाही, मी गेलो. खाली बघण्यापेक्षा मला लांब बघायचं होतं. चार राज्यं दिसतात म्हणे. मला दिसली ती सपाटी. सह्याद्रीच्या माणसाला चारही दिशांना एकही डोंगर नसणं सोसायला वेळ लागतो. पूर्वेला सरोवर, आणि त्यात लांबवर ठिपक्यासारखी पाणी आत घेणारी ठाणी. नदी वरून इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते.

आणि सगळं उभं आहे ते चिकणमातीवर. एकेकाळी शहर सरोवराच्या पातळीहून जेमतेम वर होतं, सांडपाण्याला उतारच मिळेना. तेव्हा १८५० च्या दशकात त्यांनी गटारं रस्त्यांवरच टाकली, वर भराव घातला आणि इमारती उचलल्या. वस्तीसकट! १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची ३२० फूट लांबीची विटांच्या इमारतींची रांग सहा हजार स्क्रू-जॅक लावून, सहाशे माणसांनी पाच दिवसांत चार फूट आठ इंच वर घेतली. खुणेच्या शिट्टीसरशी प्रत्येकाने आपापल्या जॅकला सारखाच पीळ द्यायचा. दुकानं चालू, गिऱ्हाइकं आत-बाहेर. साइटवर चार जॅक एका लयीत उचलायचे तरी मुकादमाचा घसा बसतो, हे ज्याने पाहिलंय त्याला या आकड्याचा अर्थ कळेल.

दुपारनंतर 'एल'ने लूपभोवती चक्कर मारली. १८९७ मध्ये पुरा झालेला हा रेल्वेचा वेढा, रस्त्याच्या वर लोखंडी पायांवर. डबा वळणावर चिरकतो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कचेऱ्यांतली माणसं हाताच्या अंतरावरून सरकतात. मुंबईकर नसूनही मला लोकलची आठवण झाली.

दिवस पाचवा

सकाळी मिलेनियम पार्क. गर्दी व्हायच्या आत पोचायचं म्हणून सातची गाडी धरली होती. 'क्लाउड गेट', लोक ज्याला बीन म्हणतात. करणारे अनीश कपूर मुंबईत जन्मलेले, १९५४ साली. सगळे जण आपलं प्रतिबिंब बघत होते, हीसुद्धा पदर सावरत. मी वेल्डिंग शोधत होतो. स्टेनलेस स्टीलच्या १६८ पत्र्यांचं हे काम आहे. आमच्या पेनस्टॉकच्या, म्हणजे वीजगृहाकडे दाबाने पाणी नेणाऱ्या, पाइपांचे सांधे तपासायचं काम मी काही वर्षं केलंय. सांधा कितीही घासला तरी बोटाला कळतो, डोळ्याला नाही कळला तरी. मी कमानीखाली गेलो आणि तर्जनीने हात पोचेल तेवढा पत्रा आडवा-उभा चाचपला. सांधा लागला नाही. पुन्हा चाचपला. कुणा वेल्डरांनी आणि पॉलिश करणाऱ्यांनी दोन वर्षं बसून हे घासलंय, त्यांच्या हातांना मी मनोमन नमस्कार केला. पत्र्यावर माझ्या बोटांचे ठसे राहिले, ते रुमालाने पुसले.

या सगळ्या बागेखाली रेल्वेचे रूळ आणि वाहनतळ आहे. आणि शेजारची ग्रँट पार्कची जमीन मुळात जमीनच नव्हती. १८७१ च्या आगीचा राडारोडा सरोवरात ढकलून ती तयार होत गेली. बकिंगहॅम कारंजं उडताना बघत आम्ही डबे उघडले. सूनबाईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती.

दुपारी डेव्हन अव्हेन्यूला जाऊन हिने कढीपत्ता, रवा आणि नातीसाठी बांगड्या घेतल्या. मग परतीच्या वाटेवर, गाडीला दीड तास असताना, मी मुलाला म्हटलं की मला हेमार्केटला ने.

युनियन स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, डेस प्लेन्स स्ट्रीटवर. मैदान नाही, स्मारकाची बाग नाही. साधा रस्ता, पदपथ, आणि तांबूस रंगाचं काशाचं शिल्प, २००४ मध्ये बसवलेलं. एक गाडा, वर बोलणारी माणसं, खाली गाड्याची चाकं-फळ्या धरलेली माणसं. गाडा जोडतायत की मोडतायत, ते सांगता येत नाही.

१ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी संप सुरू झाला. ४ मेच्या रात्री इथे, असाच गाडा व्यासपीठ करून, सभा चालली होती. पोलीस आले, कुणीतरी बॉम्ब टाकला, गोळीबार झाला. सात पोलीस गेले, कामगारही गेले. बॉम्ब कुणी टाकला ते कधीच कळलं नाही. आठ जणांवर खटला झाला. चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी दिलं, एकाने कोठडीत जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी माफी दिली, खटलाच अन्यायाचा होता असं लिहून. १ मे जगभर कामगार दिन झाला तो इथून.

आमच्या वसाहतीत १ मेला सकाळी झेंडावंदन असायचं, महाराष्ट्र दिन म्हणून. ते झालं की युनियनची माणसं गेटवर आपला लाल झेंडा लावायची आणि बोगद्यात काम करताना गेलेल्यांची नावं वाचायची. मी अधिकारी वर्गातला, तरी उभा राहायचो. त्या यादीतली दोन माणसं माझ्या पाळीतली होती.

शिल्पाच्या चौथऱ्यावर देशोदेशींच्या कामगार संघटनांनी आपापल्या पाट्या बसवल्या आहेत. मी सगळ्या वाचल्या. एका पाटीच्या कडेला कुणीतरी ठेवलेला गुलाब सुकून काळा पडला होता. हिने पिशवीतून कढीपत्त्याची एक डहाळी काढून त्याच्या शेजारी ठेवली. दुसरं हिरवं काही आमच्याजवळ नव्हतं.

स्टेशनाकडे परतताना ॲडम्स स्ट्रीटच्या पुलावर थांबलो. दिवे लागायची वेळ. वारा पडला होता. नदीच्या मधोमध एक ओंडका तरंगत होता, बराचसा पाण्याखाली, वर दोन-तीन बोटं दिसेल एवढाच. नातीला तो दाखवला आणि म्हटलं, "याच्यावर नजर ठेव. याला वारा नाही, पाणी नेतंय."

गाडीला बारा मिनिटं होती. मुलगा घड्याळ बघत होता, पण बोलला नाही. ओंडका इतक्या हळू सरकत होता की काठच्या भिंतीतल्या एका कडीशी ताडूनच ते कळत होतं. तो कडीपाशी आला, कडीच्या पुढे गेला, पुलाच्या सावलीत शिरला. नात धावत पलीकडच्या कठड्याशी गेली.

"आला, आजोबा! सरोवराकडे पाठ करून चाललाय!"